सोयाबीनच्या दिवसांतला रविवार

दसरा जवळ आला की नांदेडहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्याला एक वास सुटतो. वाळलेल्या सोयाबीनचा. त्यात धूळ असते, डिझेल असतं आणि थोडा कुबट ओलेपणाही असतो, कारण परतीचा पाऊस आदल्या दिवशी कुठंतरी येऊन गेलेला असतो. एसटीच्या खिडकीतून तो वास आत शिरला की शेजारच्या बाया नाकाला पदर लावतात, खिडकी ओढून घ्यायला सांगतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. मला त्या वासात आमचं चाकूरजवळचं गाव दिसतं, गावाच्या कडेचं पत्र्याचं देऊळ दिसतं आणि बाजेवर बसून सगळ्यांना कामाला लावणारी माझी आई दिसते.

या वर्षी आई नाही. उन्हाळ्यात गेली. तिच्याशिवायचा हा पहिला हंगाम, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी पडलेली रानं तशीच्या तशी उभी आहेत. मला त्यांचा थोडा राग येतो.

आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात आणि देवळात जमणाऱ्या माणसांना मंडळी. आमची मंडळी म्हणजे मोजकी घरं, त्यातली बरीचशी दुसऱ्याच्या रानात राबणारी. देवळाला ना उंच मनोरा, ना रंगीत काचा. पत्रा, शेणानं सारवलेली जमीन, भिंतीत एक लाकडी क्रूस आणि दारात लोखंडी खांबाला टांगलेली घंटा. या देवळाचं सगळं आई बघायची. शनिवारी झाडून घ्यायची, रविवारी कुलूप काढायची, जाजम अंथरायची, माठ भरायची, घंटेचा दोर ओढायची आणि उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना यायला उशीर झाला तर गाणंही सुरू करायची. बायका भाकरी करायला बसताना रोज एक मूठ ज्वारी देवाच्या नावानं बाजूला काढतात. रविवारी ती देवळातल्या पत्र्याच्या डब्यात ओततात आणि ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्याकडं तो डबा जातो. तो कुणाकडं न्यायचा हेही आईच ठरवायची. वडील गेल्यावर तर देऊळ हाच तिचा संसार झाला होता, आणि संसारात ती कुणाला लुडबूड करू देणाऱ्यांतली नव्हती.

ज्या हंगामाबद्दल मी सांगते आहे तो टाळेबंदी उठल्यानंतरचा. आई हातात झाडू असतानाच देवळाच्या पायरीवरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडून बसली. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. मी नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. रजा टाकली आणि गावी आले. मला वाटलं होतं की आईचा पाय सांभाळायचा, दोन घास करून घालायचे, झालं. पण रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेण्याआधी तिनं विचारलं, "देऊळ उघडलं का?"

"तुझ्या पायाचं बघू का देवळाचं?" मी म्हणाले.

"पाय कुठं पळून जायलाय? देऊळ उघडून ये."

गेले. कुलूप काढलं, जाजम अंथरलं, दोर ओढला. घंटा वाजली आणि रानातून हडंब्याचा, म्हणजे मळणीच्या यंत्राचा, घरघराट ऐकू येत राहिला. कुणी आलं नाही. शेवटी याकोबमामा आले. हे आमचे जुने भजनी. ढोलकीवर हात असा पडतो की बघत राहावं, पण कान गेलेले. मग लातूरहून मोटारसायकलवर पाळकसाहेब आले. वयानं माझ्याहून लहान, अंगानं बारीक, पाठीवर बॅग. त्यांनी रिकाम्या जाजमाकडं पाहिलं आणि तरीही नियमाप्रमाणं "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणून उपदेशाला सुरुवात केली. बंधू एकच होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. मी भगिनी. मला हसू आवरेना, आणि पाच मिनिटांनी ते हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

उपासना झाल्यावर ते आईला भेटायला घरी आले. प्रार्थना केली, पाय कसा आहे विचारलं, आणि चहा पिता पिता जमिनीकडं बघत म्हणाले, "आई, एक सांगायचं होतं. माझ्याकडं गावं खूप झालीत. रविवार एकच असतो. इथं टाळेबंदीपासून कुणी येत नाही. नव्या वर्षापासून इथली उपासना महिन्यातून एकदा ठेवावी असं वरच्या कमिटीत चाललंय. हंगामाच्या सणापर्यंत बघू, मग मी काय ते कळवीन."

हंगामाचा सण म्हणजे सुगी झाल्यावरचा आमचा रविवार. प्रत्येक जण रानातलं काहीतरी घेऊन देवळात येतो, कणसं, भोपळा, शेंगा, कोंबडीसुद्धा, आणि देवापुढं ठेवतो. सणाला अजून काही आठवडे होते.

साहेबांची मोटारसायकल वळणापलीकडं गेल्यावर तिनं मला जवळ बसवलं. "करुणा, माझं माहेर तुला ठाव हाय ना? हदगावकडं?"

"माहीत आहे की."

"तिथलं देऊळ आदी महिन्याला केलं. लोक म्हन्ले, बरं झालं, तेवढीच सवड. मग महिन्याचं ध्यानात राहीना. मग नाताळला उघडायचे. माझा बाप्तिस्मा जितं झाला तितं आता कडबा ठिवतेत. मी डोळ्यानं बघून आले." तिनं चादरीची घडी उलगडली, परत घातली. "माझ्या जितेपणी ह्ये देऊळ महिन्याचं हुणार न्हाई."

आई रडणाऱ्यातली नव्हती. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात मात्र त्याचा पत्ता नव्हता. मला आजही वाटतं की निर्धार म्हणतात तो असाच दिसत असावा.

दुसऱ्या दिवसापासून मी रानोमाळ फिरले. सोयाबीन काढणीचे ते दिवस ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना सांगायला नको. शेंगा वाळून तडकायला लागलेल्या, दाणा जमिनीवर सांडायच्या आत कापायचं, कापलेलं गोळा करायचं, आणि वर आभाळ केव्हा भरून येईल त्याचा नेम नाही. आमची माणसं हे काम गुत्त्यावर घेतात. म्हणजे एवढं रान आम्ही सगळे मिळून काढून देऊ, असा करार. गुत्त्यात सुट्टी नसते. सोयाबीनच्या वाळक्या शेंगा हाताला टोचतात, बोटांना चिरा पडतात, त्यावर चिंध्या बांधून बायका कापत असतात. राहेलकाकू या टोळीची पुढारीण. उंच, तोंडाची फटकळ, कामाला वाघीण. ती त्या वेळी शिवाप्पांच्या रानात होती. शिवाप्पा लिंगायत, चांगलं मोठं खटलं, गावात त्यांना सगळे अप्पाच म्हणतात.

मी बांधावर उभी राहून म्हणाले, "काकू, रविवारी यायचं बघा ना."

तिनं विळा थांबवला नाही. "सोयाबीनला रविवार कळतो का, पोरी?"

"पण उपासना बंद पडायची वेळ आली आहे."

"मोबाईलवर ऐकते की मी. कापता कापता कानात घालते. लई मोठमोठे पाळक बोलतेत त्याच्यात. आपल्या सायबापेक्षा बरं बोलतेत."

ती खोटं बोलत नव्हती. तिची बोटं मी पाहिली होती. त्या बोटांना "देवळात या" सांगणं सोपं नाही, आणि जे सोपं समजून सांगतात त्यांनी एकदा सोयाबीन कापून बघावं.

पण मला तिचं पटलंही नाही. नांदेडला मी जाते ते चर्च मोठं आहे. पंखे आहेत, माईक आहे, बाकं आहेत. तिथं मी एखाद्या रविवारी नसले तर कुणाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर हे मला फार सोयीचं वाटायचं. गावच्या देवळात तसं नाही. तिथं एक माणूस आलं नाही तर जाजमावर त्याची जागा रिकामी दिसते आणि गाणं त्या अंगानं बसकं ऐकू येतं. मोबाईलवरचा उपदेश ऐकताना आपण रडलो तर शेजारून कुणी पदराचं टोक पुढं करत नाही. आपली मूठभर ज्वारी मोबाईलमध्ये ओतता येत नाही. "देव मनात असला की झालं" असं म्हणणारी पुष्कळ शिकलेली माणसं मला भेटतात. मी त्यांना विचारते की मग जेवणही मनातच का करत नाही. ते हसतात, आणि पुढच्या रविवारीही घरीच असतात.

त्या संध्याकाळी मी आईला राहेलकाकूचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती पायाच्या प्लास्टरकडं बघत म्हणाली, "माझंच चुकलं."

"तुझं काय चुकलं?"

"झाडायचं मी, पानी मी, घंटी मी, गानं मी. दुसऱ्याला कुनाला काय करायचं ठिवलंच न्हाई. मग त्यांनी यायचं कशाला? बसायला? बसायला त्यांना येळ हाय का?" मग एकदम तिनं फर्मान सोडलं, "राहेलला बोलवून आन."

राहेलकाकू आली ती अंगावरची धूळ तशीच घेऊन. दारातच उकिडवी बसली. आईनं उशीखालून देवळाची किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली.

"ही तुझ्याकडं."

"मला? आक्का, मी तर येतच न्हाई देवळात."

"म्हनून तर. आता तू न्हाई आलीस तर देऊळ उघडत न्हाई."

काकूनं किल्लीकडं असं बघितलं की जणू कुणी विंचू समोर धरलाय. "माझं गुत्तं चालू हाय, आक्का. मला जमायचं न्हाई."

"मग तुला जमंल तवा उघड. येळ तू ठरव. पर रविवार सोडायचा न्हाई."

मला हे हुशारीचं वाटलं आणि जरा दुष्टपणाचंही. किल्ली घेऊन काकू गेली. पुढच्या दोन दिवसांत आईनं एकेकाला बोलावून सगळं वाटून टाकलं. माठ एका घराकडं, जाजम दुसऱ्याकडं, ज्वारीचा डबा तिसऱ्याकडं, बायबलमधलं वचन वाचायचं ते कॉलेजला जाणाऱ्या पोरीकडं, आणि घंटा याकोबमामांकडं. स्वतःकडं तिनं काही ठेवलं नाही. एकेक काम देताना तिचा चेहरा असा व्हायचा की जणू लग्न झालेल्या मुलीला गाडीत बसवते आहे. मी नर्स आहे, दुखणं ओळखते. तिला पायापेक्षा ते जास्त दुखत होतं.

राहेलकाकूनं वेळ ठरवली ती तांबडं फुटायच्या आतली. रानात जायच्या आधी उपासना, म्हणजे अप्पांच्या कामाचा खोळंबा नको आणि रविवारही सुटायला नको. पाळकसाहेब दहाला यायचे. त्यांना हे कळवावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि इथं आम्ही सगळ्यांनी मिळून एक घोटाळा केला. आमच्या गावात देवळाची घंटा अवेळी वाजते ती फक्त कुणी गेलं तर. ही रीत माझ्या आजोबांच्या आधीपासूनची. सकाळी दहाला वाजली तर उपासना, एरवी केव्हाही वाजली तर मयत. त्यातून आईला त्या आठवड्यात थोडा ताप आला होता, आणि गावात एका घरचा ताप चार घरं ओलांडेपर्यंत शेवटच्या घटकेवर येतो. या सगळ्याचा विचार न राहेलकाकूनं केला, न आईनं, न मी. याकोबमामांनी अंधारातच दोर धरला. त्यांना ऐकू येत नसल्यामुळं घंटा पुरेशी वाजली की नाही याचा अंदाज येईना, म्हणून ते वाजवतच राहिले.

मी आईची वेणी घालत होते. बाहेर पावलांचा आवाज आला. मग आणखी पावलं. मग अप्पांच्या घरच्या बाईचा हुंदका. दार उघडलं तर अंगणात अर्धं गाव. आमची मंडळी तर सगळीच, पण पाटलांकडचे, किराणा दुकानवाले, शेजारचे चाचा, सगळे. अप्पा सर्वांत पुढं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डोळे भरलेले. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि बाजेवर बसलेली आई बघून जागच्या जागी थिजले.

"मार्थाबाई, तुम्ही हाव की," अप्पा म्हणाले.

"हाय की. कामून, न्हाई पायजे का?"

कुणाला हसावं की रागवावं कळेना. अप्पांची बाई पदरानं डोळे पुसत हसायला लागली आणि मग अंगणभर हसू पसरलं. मागून अजून घंटा ऐकू येतच होती. कुणीतरी धावत जाऊन याकोबमामांच्या हातातला दोर सोडवला. आईनं मात्र संधी सोडली नाही. "आता उठलाव, आलाव, तर चला उपासनेला. माझी बाज उचला," ती म्हणाली.

मी नर्स म्हणून विरोध केला. माझं कोण ऐकतंय. चौघांनी बाज उचलली आणि आईची जिवंतपणीची ही मिरवणूक देवळाकडं निघाली. राहेलकाकूनं कुलूप काढलं. त्या पहाटे देऊळ जितकं भरलं तितकं नाताळलाही भरत नव्हतं. आमची माणसं जाजमावर आणि बाकीचं गाव पायरीवर, थोडा वेळ. कॉलेजच्या पोरीनं वचन वाचलं, अडखळत वाचलं. याकोबमामांनी ढोलकी घेतली. गाणं सुरू झालं आणि भेगाळलेल्या हातांच्या टाळ्या पडायला लागल्या. मी त्या देवळात लहानाची मोठी झाले आहे. तसं गाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

जाताना अप्पा राहेलकाकूला म्हणाले, "तुमची प्रार्थना होऊ द्या दर रविवारी. तेवढ्यात माझं सोयाबीन काय पळून जात न्हाई. पर घंटी जरा कमी वाजवा, जीव जातो मानसाचा."

दहा वाजता पाळकसाहेब आले तेव्हा देवळाला कुलूप होतं. ते थेट घरी आले. "कुणीच नाही का आलं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेला थकवा मी पाहिला.

"समदे आले. उपासना झाली, सायेब," आई म्हणाली.

"माझ्याशिवाय?"

"हाव."

साहेब दुखावले. सकाळपासून ते उपाशी होते, दोन गावं करून आले होते. "मग मी यायचं तरी कशाला?" ते म्हणाले. त्यात रागापेक्षा उदासी जास्त होती.

आईनं त्यांना बसायला लावलं, मला भाकरी वाढायला सांगितली. मग म्हणाली, "सायेब, तुम्ही लेकरावानी हाव, वाईट वाटून घेऊ नका. आजवर तुम्ही यायचे म्हनून उपासना हुयाची. आता उपासना हाय म्हनून तुम्ही या."

ते भाकरी मोडत राहिले. पुढच्या रविवारी मात्र उजाडायच्या आत देवळापुढं मोटारसायकल उभी होती. लातूरहून अंधारात निघाले असणार. राहेलकाकूनं "सलाम, सायेब" म्हणून कुलूप काढलं आणि मला कोपरानं ढोसलं.

त्या रविवारी आभाळ भरून आलं. आदल्या दिवशी अप्पांचं रान कापून झालं होतं आणि कापलेलं सोयाबीन ढिगाढिगानं उघड्यावर पडलं होतं. भिजलं असतं तर काळं पडून सगळ्या हंगामाची माती झाली असती. साहेब उपदेशाला उभे राहिले आणि विजेचा कडकडाट झाला. एकही मान हलली नाही, पण सगळ्यांचे डोळे दाराकडं गेले. राहेलकाकूच्या जबड्याची शीर हलत होती. ती उठून गेली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं, आणि ती उठत नव्हती. किल्ली तिच्या पदराच्या गाठीत होती.

साहेबांनी पवित्र शास्त्र मिटलं. "उरलेला उपदेश रानात करू," ते म्हणाले. "चला."

आम्ही सगळे पळालो. साहेबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळली आणि ढीग कवेत घेऊन एका जागी आणायला लागले. मी आणले, कॉलेजच्या पोरीनं आणले, याकोबमामा ताडपत्रीचं टोक धरून उभे राहिले. अप्पा आपल्या माणसांना घेऊन आले तेव्हा निम्मं सोयाबीन गोळा झालं होतं. साहेबांकडं बघून त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि शेजारी वाकले. ताडपत्रीवर दगड ठेवले आणि पाऊस आला. आम्ही बाभळीखाली भिजत उभे राहिलो. तिथंच साहेबांनी हात वर करून आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. त्यांच्या हातांना शेंगा टोचून रक्त आलं होतं. उपदेश मात्र उरला तो उरलाच.

हे सगळं झालं म्हणून वरच्या कमिटीचं मन वितळलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. हंगामाच्या सणाला देवळात कणसं, भोपळे, सोयाबीनच्या पाट्या मांडल्या होत्या. आई कुबडीवर आली होती. सणाची उपासना झाल्यावर साहेब उभे राहिले. "मी वर सगळं सांगितलं. इथली मंडळी कशी आहे ते सांगितलं. पण पाळक कमी आणि गावं जास्त. नव्या वर्षापासून मला इथं महिन्यातून एकदाच येता येईल. ते ठरलंय," ते म्हणाले.

मी आईकडं पाहिलं. ती समोर बघत होती. तिच्या माहेरच्या देवळातला कडबा मला तिच्या डोळ्यांत दिसला. मला वाटलं, संपलं.

राहेलकाकू उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही. ती भांडताना बोलते तशीच बोलली. "सायेब, तुम्ही महिन्याला या. प्रभुभोजनाची भाकर तुमच्या हातानं घेऊत. पर आमची उपासना दर रविवारी हुईल. किल्ली माझ्याकडं हाय."

साहेबांनी हळूच विचारलं, "आणि उपदेश?"

राहेलकाकू खाली बसली. झाडणं, वाचणं, गाणं निराळं. देवाचं वचन उलगडून सांगायला उभं राहायचं म्हणजे आमच्या लोकांना अंगावर काटा येतो. तेव्हा मागून आईचा आवाज आला.

"पुढच्या रविवारी कोण?"

प्रश्न सगळ्यांना होता. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. माझी रजा त्याच आठवड्यात संपत होती. नांदेडला माझी ड्युटी होती, घर होतं, पंख्यांचं चर्च होतं. मी स्वतःला आमच्या गावची पाहुणी समजत होते. आणि पाहुणीचा हात वर गेला. कसा ते मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी मी ड्युटी बदलून आले आणि बोलले. काय बोलले ते आठवत नाही. राहेलकाकू म्हणाली की लांबवलंस. आईनं कौतुकाचा एक शब्द काढला नाही. शेवटची प्रार्थना झाल्या झाल्या तिनं परत विचारलं, "पुढच्या रविवारी कोण?" या खेपेला तिच्या ओठांकडं बघत बसलेल्या याकोबमामांनी हात वर केला. "मला ऐकू येत न्हाई, बोलता येतंय की," ते म्हणाले.

तेव्हापासून ती आमची रीत झाली. आशीर्वाद, आमेन आणि मग आईचा प्रश्न. कधी हात लगेच वर यायचा, कधी वाट बघावी लागायची. आई वाट बघायची. हात आल्याशिवाय ती देवळातून कुणाला उठू द्यायची नाही, रानात काम पडलेलं असो की चुलीवर डाळ. महिन्याला एक खेप माझी. लोक मला विचारतात की इतक्या लांब कशाला जातेस, नांदेडला काय चर्च नाहीत का. आहेत की. नांदेडच्या चर्चमध्येही मी आता वचन वाचते, दारात उभी राहून आलेल्यांना सलाम करते, आणि कोण आलं नाही ते मला कळतं. ज्यांना उपासनेला यायचा कंटाळा येतो त्यांना मी आता उपदेश करत नाही. त्यांच्याकडं एखादं काम देते.

उन्हाळ्यात आई गेली. शुक्रवारी पुरलं. रविवारी राहेलकाकूनं नेहमीच्या वेळी कुलूप काढलं. साहेबांचा तो रविवार नव्हता. गाणी झाली, वचन झालं, शेवटची प्रार्थना झाली. आमेन म्हटलं आणि सगळे बसून राहिले. उठायचं कुणाला सुधरेना. आई बसायची त्या भिंतीकडं कुणी बघत नव्हतं. बाहेर ऊन चढायला लागलं. कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं की आपण विचारावं.

मग राहेलकाकूनं विचारलं. फटकळच आवाजात, पण मध्येच तो तुटला.

"पुढच्या रविवारी..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत जाजमावरचे सगळे हात वर झाले.